ईयोबाचा तिसरा अध्याय

ख्रिस्ती घरात मयत झालं की बायबलातल्या ‘ईयोब’ या पुस्तकातली एक ओळ हमखास वाचली जाते. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ पहिल्या अध्यायातलं एकविसावं वचन. शवपेटी घरातून उचलण्याआधी पाळक ते म्हणतात, पेपरातल्या छोट्या जाहिरातीत फोटोखाली ते छापलं जातं, पुढे वर्षभराने कबर बांधली की संगमरवरावर कोरलं जातं. एका दिवसात दहाही लेकरं घराखाली गाडली गेलेल्या बापाच्या तोंडची ही ओळ आहे. तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती होणार? माझीही होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते पुस्तक ४२ अध्यायांचं आहे.

तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब पुन्हा तोंड उघडतो आणि आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. तो दिवस कॅलेंडरातून पुसला जावो, आईच्या पोटातच मी का मेलो नाही, असं म्हणतो. तिथून पुढे त्याला आवरणं कठीण. सर्वसमर्थाचे बाण माझ्यात रुतलेत म्हणतो. देवा, तू सिंहासारखा माझी शिकार करतोस म्हणतो. एके ठिकाणी तर, मला थुंकी गिळायला तरी उसंत दे, इतक्या थराला येतो. देवावर फिर्याद करायची आहे, पण आम्हा दोघांमध्ये बसून निवाडा करील असा मध्यस्थ कुठून आणू, ही त्याची अडचण.

आणि त्याचे ते मित्र! आल्या आल्या त्यांनी केलं ते इतकं चांगलं होतं, की तिथेच थांबले असते तर संत ठरले असते. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग ईयोब बोलला आणि ह्यांना देवाची बाजू घ्यावीशी वाटली. देव न्यायी आहे, तू काहीतरी केलं असशील, पश्चात्ताप कर. सगळी वाक्यं निर्मळ, कुठल्याही व्यासपीठावरून खपतील अशी. पण शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यातल्या अलीफजाला सांगतो, तुझा आणि तुझ्या दोन्ही मित्रांचा मला राग आलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत.

शिकारी म्हणणारा नीट बोलला, आणि बाजू घेणारे चुकले. हे आमच्या उपदेशांत मी फार क्वचित ऐकलंय.

माझा धाकटा भाऊ रक्ताच्या कॅन्सरने गेला. नुकती चाळिशी ओलांडली होती. आम्ही नगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. त्याच्या आजारपणात मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. भगिनी मंडळाने शुक्रवारचे उपास धरले. तरुण संघातली पोरं प्लेटलेट्स द्यायला पुण्याला जायची आणि परतताना आमच्या आईसाठी रसवंतीवर थांबून उसाचा रस बाटलीत भरून आणायची, का तर ती जेवत नाही म्हणून. रात्रीबेरात्री फोन केला तरी गाडी दारात. विश्वासाबद्दल जे काही मला कळतं त्यातलं निम्मं त्या पोरांकडून कळलंय, आणि त्यातल्या एकालाही धड प्रार्थना करता येत नव्हती.

धड प्रार्थना करता येणारे वेगळे होते. बाहेरगावाहून एक सेवक, म्हणजे धर्मोपदेशक, आले. त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि डोळे उघडून सांगितलं, मला प्रभूने दाखवलंय, हा उठणार आहे, तुम्ही फक्त विश्वास ठेवा. आईने ठेवला. वहिनीने ठेवला. भाऊ स्वतः अभियंता, प्रत्येक रिपोर्टमधले आकडे वहीत उतरवणारा, त्यानेही त्या आठवड्यात आकडे लिहिले नाहीत.

तो गेल्यावर तेच सेवक सांत्वनाला आले. चहा घेतला. मग म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.

मोहरीच्या दाण्याएवढा पुरे, असं येशू म्हणाला होता. यांच्या तराजूत पोत्याने ओतला तरी काटा हलत नाही. ज्या बाईने पोरगा पुरलाय तिच्या पदरात पुन्हा हे बांधून जायचं, की तुझ्यामुळे गेला! मी त्या दिवशी काही बोलले नाही, पाहुण्यासमोर बोलायची आमच्या घरी पद्धत नाही. पण आजही कुठल्या मंडपात ‘फक्त विश्वास ठेवा’ असं माइकवरून ऐकलं की माझी नजर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांकडे जाते. तिथे आजारी माणसांच्या आया बसलेल्या असतात.

बाकीचे लोक इतके कठोर नव्हते. ते प्रेमाने बोलत होते, आणि प्रेमाने बोललेलं परतवता येत नाही, हीच पंचाईत. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्याने आपल्या बागेतलं सुंदर फूल खुडून नेलं. त्याची काहीतरी योजना असेल. रडू नका, तो प्रभूजवळ सुखात आहे. शेवटच्या वाक्याला प्रेषित पौलाचा आधार देतात. थेस्सलनीकाकरांना त्याने लिहिलं, की ज्यांना आशा नाही त्या इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. हे वाचताना आमची माणसं आधीचे शब्द गाळतात आणि ‘खेद करू नये’ एवढंच हातात ठेवतात. पौलाला असं म्हणायचं असतं तर त्याने स्वतःचं ते दुसरं पत्र फाडून टाकलं असतं, फिलिप्पैकरांना लिहिलेलं. त्यात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या दुखण्याविषयी तो लिहितो. मरायला टेकला होता, पण देवाने त्याच्यावर दया केली, आणि त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. ‘मरण मला लाभ आहे’ हेही त्याच पत्रात आहे. स्वतःचं मरण लाभ, आणि मित्राचं गेलं असतं तर दुःखावर दुःख. पौलाला दोन्ही एका पत्रात मावतात.

भाऊ गेल्यापासून मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय किती वाचला असेल! त्यात दोन बहिणी आहेत आणि एक भाऊ, म्हणून वाचत असेन. बेथानी हे यरुशलेमेपासून जवळच, चालत गेलं तर तासाभराच्या आत पोचावं असं गाव. मार्था आणि मरीयेने निरोप पाठवला, ज्यावर तुमचं प्रेम आहे तो आजारी आहे. ‘या’ असंही त्यांनी म्हटलं नाही, म्हणायची गरजच काय? आणि तो आला नाही. योहान हे लपवत नाही, उलट दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवतो. येशूचं त्या तिघांवर प्रेम होतं. लाजर आजारी आहे हे ऐकून तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आमच्या घरासारखी कितीतरी घरं राहत असतील.

तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था उठून रस्त्यापर्यंत सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली, बोलावणं येईपर्यंत. स्वभाव वेगळे, पण भेटल्यावर दोघी अगदी एकच वाक्य बोलल्या, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मला खात्री आहे की चार दिवस त्या घरात हेच वाक्य फिरत होतं. प्रत्येक घरात मयतानंतर असं एक वाक्य असतं. आमच्याकडे ते ‘ताप आला तेव्हाच रक्त तपासलं असतं तर’ हे होतं. आई म्हणायची, वहिनी म्हणायची, मी मनात म्हणायचे. ते एकमेकींना म्हणत राहिलं की त्याचा आरोप होतो. कोणी ताप अंगावर काढला, कोणी साध्या डॉक्टरकडे नेलं. मार्था-मरीयेने ते उचललं आणि ज्याला विचारायचं त्याच्यासमोर नेऊन ठेवलं.

येशूने त्यांना रागावलं नाही. तुमचा विश्वास कमी पडला असंही म्हटलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण तिला बोलणं हवं होतं. मरीयेसमोर तो फार बोललाच नाही, त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारलं, आणि रडला. लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला निघतानाच ठाऊक होतं, शिष्यांना त्याने तसं सांगितलंही होतं. काही मिनिटांनी जो भाऊ चालत बाहेर येणार त्याच्यासाठी देवाचा पुत्र रडला. मग ज्यांना शेवटल्या दिवसापर्यंत थांबायचंय त्यांनी डोळे कोरडे ठेवावेत, ही अपेक्षा आली कुठून?

या गोष्टीचा एक धागा उपदेशांत कधी येत नाही. लाजर पुन्हा मेला. मरणारच होता. परंपरा सांगते की पुढे तो सायप्रसला गेला, तिथला बिशप झाला आणि तिथेच त्याला दुसऱ्यांदा पुरलं. लार्नाका शहरात त्याच्या नावाचं जुनं दगडी चर्च आहे. परंपरेचं खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. पण ती खरी असेल तर चमत्कार होऊनही त्या घराला दुसरं मयत चुकलं नाही. म्हणून मला हल्ली ‘आमच्यासाठी चमत्कार का झाला नाही’ हा प्रश्न पूर्वीइतका जाळत नाही. जाळतो, पण कमी.

केडगावला मी कॉलेजात असताना प्रथम गेले. नगरकरांना केडगाव म्हटलं की शहराला लागून असलेलं केडगाव आठवतं. हे ते नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. आमच्या रविवारच्या शाळेत रमाबाई म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि ‘थोर समाजसेविका’. त्यांच्या आयुष्यातली मयतं कुणी ओळीने मांडून दाखवली नव्हती. १८७४ साली दक्षिणेत दुष्काळात भटकताना वडील गेले, अनंतशास्त्री डोंगरे. उपासमारीनेच. काही आठवड्यांत आई. मग मोठी बहीण. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, हिंदुस्थानभर पायी फिरत कलकत्त्याला पोचली. तिथे त्यांचं नाव झालं, आणि १८८० साली श्रीनिवास गेला. मग लग्न, मग मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी, आणि स्वतःची चोविशी पूर्ण व्हायची होती.

वडिलांचे अखेरचे शब्द त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलेत. थकलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या त्या शास्त्र्याने लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. बोलणारा पुराणिक ब्राह्मण, ऐकणारी पुढे इंग्लंडात वाँटेजला १८८३ साली बाप्तिस्मा घेणारी मुलगी. त्या सोपवण्याला तिने कधी टाकलं नाही, त्या हाताचं नाव मात्र शोधत राहिली. आणि सापडल्यावरही निमूट झाली नाही. इंग्लंडातल्या ज्या भगिनींनी तिला आश्रय दिला त्यांच्याशी तिने धर्मतत्त्वांवर पत्रांतून जो वाद घातलाय तो वाचावा. तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, हे सौम्य शब्दांत, पण पुन्हा पुन्हा.

रमाबाईंच्या गोष्टीला आमच्याकडे एक शेपूट लावतात, ते मला सोसत नाही. म्हणे, आई-बाप दुष्काळात गेले म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवा त्यांनी केडगावला आणल्या, बघा देवाची योजना! रमाबाईंना भूक काय असते हे ठाऊक होतं म्हणून त्या गेल्या, यात शंकाच नाही. त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. पण अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई ही दोन माणसं काही रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेच्या, मुक्ती मिशनच्या, पायाभरणीचा खर्च नव्हती. देवाच्या वहीत असा जमाखर्च असेल तर ती वही मला वाचायची नाही. त्याने त्या राखेतून काहीतरी उभं केलं, हे मी मानते. त्यासाठी त्याने आग लावली, हे मानत नाही. माझ्या भावाच्या मरणातून कुणाचं भलं झालं तर मी त्याचे आभार मानीन, पण त्या भल्यासाठी तो मेला असं कुणी म्हटलं तर माझं भांडण आहे.

खरी कसोटीची गोष्ट रमाबाईंच्या शेवटच्या वर्षातली. मनोरमा आता चाळिशीची, आईचा उजवा हात. शाळा तिने सांभाळलेली, गुलबर्ग्याला मुलींसाठी काम उभं केलेलं, आईनंतर मुक्ती चालवणार ती हीच असं सगळे धरून चाललेले. १९२१ साली ती गेली. आई मागे. त्या वेळी रमाबाई बायबलाच्या भाषांतरात होत्या. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत, एकटीने केलेलं भाषांतर. केडगावच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या. मनोरमा गेल्यावरही ते काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, लेकीनंतर वर्षही न पुरता.

त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं याविषयी भाविक पुस्तकांत खूप लिहिलेलं असतं, सगळं शांत, सगळं उजळ. मला ते नको. मला एवढंच पुरतं, की ज्या पुस्तकात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन घ्यायला नकार देते, ज्यात दावीद राजा वेशीवरच्या माडीत ‘माझ्या पुत्रा, अबशालोमा’ म्हणून आक्रोश करतो, ते पुस्तक ही बाई अक्षर अक्षर जुळवून घेत होती. लेक गेल्यावर तिने ते बाजूला ठेवलं नाही.

उपदेशांत याच्या उलट एक गोष्ट फार चालते. होरेशिओ स्पॅफर्ड नावाच्या शिकागोच्या वकिलाच्या चार मुली १८७३ साली जहाज बुडून गेल्या. बायको वाचली, तिने तार केली, ‘एकटीच वाचले’. तिला आणायला निघालेल्या स्पॅफर्डने समुद्रावर असताना एक गीत लिहिलं, जगभर गातात ते. पाळक इथे थांबतात, पेटीवाला सूर धरतो, आणि गीत सुरू होतं. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. काही वर्षांनी त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला. त्यांच्या स्वतःच्या मंडळीतच, ही देवाची शिक्षा तर नव्हे, अशी कुजबूज झाली. शेवटी ते दोघं ती मंडळी सोडून १८८१ साली यरुशलेमला जाऊन राहिले. गीत लिहून झालं म्हणून दुःख आटोपलं नाही. अलीफजाचे भाऊबंदही शिकागोत भेटलेच.

भावाच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडे ते नाव नाही, स्मरणार्थ प्रार्थनासभा म्हणतात, पाळकसाहेबांनी मला शास्त्रवाचन निवडायला सांगितलं. त्यांना तेविसावं स्तोत्र अपेक्षित होतं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणणारं, धीर देणारं. मी अठ्ठ्याऐंशी सांगितलं. त्यांनी बायबल उघडून शेवटपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, ताई, याला शेवटी आशेची ओळ नाहीये. मी म्हटलं, माहीत आहे. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचा आहे, पण बहुतेकांत शेवटाकडे सूर वर जातो. तेरावं घ्या. ‘कोठवर’, ‘कोठवर’ करत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. अठ्ठ्याऐंशी तसं संपत नाही. माझे जिवलग तू माझ्यापासून दूर केलेस, असं म्हणत ते अंधारात थांबतं. आणि तरी त्याच्या माथ्यावर मुख्य गवयासाठीची सूचना आहे. म्हणजे हे कुणी अंथरुणात तोंड खुपसून म्हटलेलं नाही, मंदिरात, सगळ्यांसमोर, वाद्यांवर गायलेलं आहे.

पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी वाचलं, सावकाश, आणि पुढे काही जोडलं नाही. सभा झाल्यावर चिवड्याच्या बशा फिरत असताना एक निवृत्त मास्तर माझ्याजवळ आले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यांनी विचारलं, ते वाचलं ते आपल्याच पवित्र शास्त्रात आहे का? स्तोत्र कितवं म्हणालात? आणि खिशातून पेन काढून लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे आकडा लिहून घेतला.

आमची वहिनी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे आल्यावर आमच्या मंडळीत रमली, पण नोव्हेंबरची दोन तारीख तिच्या अंगातून जात नाही. मृतांच्या दिवशी वसईकडे कबरस्तानं झेंडूने आणि मेणबत्त्यांनी फुलून जातात, मिस्सा होतो, ज्याची त्याची माणसं नावाने आठवून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. आम्ही प्रॉटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही. आमचं तत्त्व असं, की गेलेलं माणूस देवाच्या हाती आहे, आपण सांगायचं काही उरलं नाही. वहिनीने पहिल्याच वर्षी नगरच्या कबरस्तानात जाऊन त्याच्या कबरेवर मेणबत्त्या लावल्या आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही, त्यांनी आईला तसं सांगितलंही. आई म्हणाली, भाऊसाहेब, ती देवाशीच बोलतेय ना? आईचं शिक्षण जुनं फायनल. पण अख्ख्या वादात एवढं नेमकं कुणी बोललं नसेल.

या आईबद्दल थोडं सांगायला हवं. भाऊ गेल्यावर तिने रविवार चुकवला नाही, मात्र गाणं सोडलं. जिच्या आवाजावर निम्मं भगिनी मंडळ सूर पकडायचं ती गीताला उभी राहायची आणि ओठ मिटून ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरून ठेवायची. त्या पुस्तकात रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आहेत, ती तिला पाठ. कुणी विचारलं तर म्हणायची, मंडळी गातेय की, माझं अडलंय कुठे. घरी स्वयंपाकघरात मात्र तिचं चालू असायचं. भाकरी थापता थापता ती देवाशी भांडायची, मोठ्याने, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असं. माझा नंबर आधी होता. रांग मोडलीस. तुला म्हाताऱ्या दिसत नाहीत का? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिचा विश्वास गेला. मग लक्षात आलं, की ती शेजारणीशी भांडत नाहीये, डॉक्टरांशी नाही, सुनेशी तर मुळीच नाही. सगळी तक्रार एकाच दारात नेतेय. विश्वास उडालेलं माणूस भांडत बसत नाही, ते दुसरीकडे निघून जातं.

योहानाच्या सहाव्या अध्यायात असे निघून जाणारे आहेत. येशूचं एक बोलणं फार अवघड गेलं म्हणून पुष्कळ शिष्य मागे फिरले. तेव्हा त्याने बारा जणांना विचारलं, तुम्हीही जाता का? पेत्राचं उत्तर आम्ही मोठ्या अभिमानाने पाठ करतो, जणू तो छाती काढून बोलला. मला त्यात अभिमान ऐकू येत नाही. प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? ते अवघड बोलणं पेत्रालाही समजलं असेल असं मला वाटत नाही. पण जायचं तर जायचं कुठे? त्याच्याजवळ सार्वकालिक जीवनाची वचनं होती, आणि दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. माझा विश्वास आज साधारण एवढाच आहे. लोक साक्षीत सांगतात तसा मला कधी मध्यरात्री प्रकाश दिसला नाही. भाऊ का गेला हे मला कळलेलं नाही, आणि मला वाटत नाही की इथे असताना कळेल. पण ज्याला विचारायचं तो वधस्तंभावर स्वतः बाविसावं स्तोत्र ओरडला होता, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने ते शब्द त्याच्या बोलीत, अरामीत, तसेच ठेवलेत. तेव्हा स्वर्गातून उत्तर आल्याचं तो लिहीत नाही. ज्याला स्वतःच्या ‘का’चं उत्तर त्या क्षणी मिळालं नाही त्याच्यापुढे माझा ‘का’ ठेवायला मला संकोच वाटत नाही. आणि तो तिसऱ्या दिवशी उठला, यावर माझी सगळी भिस्त आहे. ते खरं नसेल तर मग पौल म्हणतो तसे आम्ही सगळ्यांहून कीव करण्यासारखे. ते खरं असेल तर माझा भाऊ मला भेटणार आहे, आणि त्याच्या आधी तो.

भेटल्यावर मी मार्थेचंच वाक्य म्हणणार आहे, शब्दही बदलणार नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हण ना, पण माझ्यानंतर. मी मोठी आहे, आणि या वेळी रांग मोडलेली मी चालवून घ्यायची नाही.